मदत हवी आहे: ब्रेक मारला की पुढचा फोर्क फार बसतो, स्प्रिंग बदलू की ऑइल?

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. गाडी १५० सीसी, पुढे साधा टेलिस्कोपिक फोर्क (नळीत नळी सरकते, आत स्प्रिंग आणि ऑइल), मागे मोनोशॉक (एकच शॉक अब्सॉर्बर). ताम्हिणी उतरताना वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली, शेपूट वर आणि हँडल एकदम हलकं. वळणात शिरायला ते बरंच पडतं म्हणा, पण तेवढ्यात खड्डा आला की हँडल थरथरतं.

कारण कळतंय. फोर्क दबला की स्टिअरिंगचा कोन उभा होतो, ट्रेल घटतो, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) पण थोडा आखडतो. हँडलचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल, आणि चाक सरळ राहतं ते मुख्यतः त्याच्या जोरावर. फोर्कच्या नळीला केबल टाय बांधून पाहिला. जोरात ब्रेक मारल्यावर तो जवळपास टोकापर्यंत सरकतो, म्हणजे खड्डा झेलायला फोर्ककडे काही उरतच नाही.

मेकॅनिक म्हणतो जाड ऑइल टाका. पण त्याने फोर्क सावकाश बसेल, लांब ब्रेकिंगमध्ये शेवटी बसणार तितकाच ना? भार पेलते स्प्रिंग. शिवाय जाड ऑइलने खडबडीत रस्त्यावर मनगटं दुखणार ती वेगळीच.

मग कडक स्प्रिंग घालू, की ऑइलची पातळी थोडी वाढवून आतली हवेची जागा कमी करू? की आधी सॅग (मी बसल्यावर फोर्क किती दबतो ते) मोजून प्रीलोडसाठी, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायला, स्पेसर टाकून बघू? माझं वजन ८५ किलो, मागे बहुतेक वेळा कोणी नसतं. बीएमडब्ल्यूचं टेलिलिव्हर (ब्रेक मारल्यावर नाक फार न बसणारं महागडं सस्पेन्शन) वगैरे सुचवू नका, खिसा बघून बोला!