चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जायचंय, भारतीय पासपोर्टवर जमेल का?

रेवा_लिहिते

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण प्लीज वाचा. माझं इंग्रजीत एमए झालंय, बीएड पण आहे आणि हायस्कूलला गेली काही वर्षं इंग्रजीच शिकवतेय. चीनला जाऊन शिकवायचं हे कॉलेजपासून डोक्यात आहे, चिनी भाषा पण शिकतेय सध्या. पण माहिती काढायला गेलं की प्रत्येक जण वेगळंच सांगतो, कोणी म्हणतं डिग्री आणि १२० तासांचा टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा सर्टिफिकेट) कोर्स असला की झालं, कोणी म्हणतं भारतीयांना देतच नाहीत, कोणी म्हणतं छोट्या शहरात चालून जातं. एका एजंटशी बोलले तर तो म्हणाला टेफल आमच्याकडूनच करा, मग बिझनेस व्हिसावर तिकडे जा, पोचलात की शाळा वर्क व्हिसा करून देते, सगळे असेच जातात. पैसे मात्र आधी मागतोय. मला दोनच गोष्टी विचारायच्यात, टेफल करू की सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचाच दुसरा सर्टिफिकेट कोर्स), आणि हा बिझनेस व्हिसाचा प्रकार बरोबर आहे का? तिकडे प्रत्यक्ष काम केलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

खडू_आणि_फळा

रेवाताई, मी चेंगडूला हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवतो, भारतीय पासपोर्टवरच, त्यामुळे हे सगळं कागदपत्रांसकट पाहिलेलं आहे. आधी तिकडचा वर्क परमिटचा नियम नेमका काय म्हणतो ते बघा कारण तिथेच सगळा घोळ होतो.

२०१७ पासून तिकडे परदेशी लोकांसाठी एकच वर्क परमिट आहे, ए बी सी असे तीन वर्ग, शिक्षक बहुतेक करून बी मध्ये येतात. वय साधारण ६० च्या आत, पोलिसांचा क्लिअरन्स, मेडिकल, हे सगळ्यांनाच. भाषा शिकवणाऱ्यांसाठी वेगळं कलम आहे आणि त्यात पहिलीच अट अशी की माणसाने तत्त्वतः आपल्या मातृभाषेच्या देशातून येऊन ती मातृभाषा शिकवावी. मग बॅचलर डिग्री. मग दोन वर्षांचा भाषा शिकवण्याचा अनुभव. आणि पुढे सूट दिलीय की डिग्री शिक्षणशास्त्रातली किंवा भाषेची असेल, किंवा आपल्या देशाचं शिक्षकाचं सर्टिफिकेट असेल, किंवा मान्य असलेलं आंतरराष्ट्रीय भाषाशिक्षणाचं सर्टिफिकेट असेल, तर तो अनुभव माफ.

आता बघा, टेफल कुठे बसतो? फक्त त्या शेवटच्या सवलतीत. म्हणजे टेफलने दोन वर्षांच्या अनुभवाची अट सुटते, बाकी काहीही सुटत नाही. तुमच्याकडे भाषेची डिग्री आहे, बीएड आहे, अनुभव पण आहे, म्हणजे टेफलने जे मिळतं ते तुमच्याकडे आधीच दोनतीनदा आहे. तुमची अडचण पहिल्या अटीत आहे आणि ती कुठल्याच कोर्सने सुटत नाही. इंग्रजीसाठी व्यवहारात सात देश धरतात, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका, आणि ते पासपोर्टवरून ठरतं. तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे हे तिथे कोणी बघत नाही, आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर दाखवूनही फरक पडत नाही. हे मला स्वतःला अन्यायाचं वाटतं, बीएड झालेल्या, वर्गात उभं राहण्याची सवय असलेल्या माणसाला नाही म्हणायचं आणि कधी एक तास न शिकवलेल्याला पासपोर्टवर घ्यायचं, पण नियम असा आहे आणि पैसे भरायच्या आधी तो माहीत पाहिजे.

सेल्टाचं म्हणाल तर कोर्स म्हणून तो खूपच चांगला आहे, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि ट्रेनर मागे बसून बघतात. शिकवणं सुधारायला जरूर करा. चीनच्या परमिटसाठी म्हणून करू नका.

शांघायची_मीनल

वरचं अगदी बरोबर आहे. मी एका शाळेत भरतीचं काम बघते, रोज हेच कागद हातात असतात, म्हणून व्हिसाबद्दल मी सांगते.

कामाचा व्हिसा झेड, दुसरा कुठलाच नाही. क्रम असा असतो की आधी शाळा तिकडे अर्ज करते, मंजूर झाला की वर्क परमिटचं नोटिफिकेशन लेटर निघतं, ते लेटर घेऊन तुम्ही तुमच्या देशातल्या चिनी वकिलातीकडून झेड व्हिसा घेता, मग विमानात बसता. पोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद (हॉटेलात असाल तर हॉटेलवाले करतात), आणि ३० दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. म्हणजे बघ, खरी मंजुरी तू घरी असतानाच मिळते. जो माणूस म्हणतो आधी या मग बघू, त्याच्याकडे ते लेटर नाहीये आणि बहुतेक वेळा मिळणारही नाहीये म्हणूनच तो तसं म्हणतो. एवढ्या एका गोष्टीवरून निम्मे एजंट ओळखता येतात.

आणि बिझनेस व्हिसावर किंवा टुरिस्ट व्हिसावर वर्गात उभं राहणं हे बेकायदा काम आहे, २०१३ च्या जुलैपासून लागू झालेल्या कायद्यात स्पष्ट आहे. दंड ५,००० ते २०,००० युआन, प्रकरण गंभीर धरलं तर वर ५ ते १५ दिवस कोठडी, देशाबाहेर काढू शकतात आणि मग पुढे काही वर्षं परत येता येत नाही. मालकालाही दंड आहे, माणशी १०,००० युआन, पण मालक तिथेच राहतो आणि शिक्षकाला बॅग भरावी लागते.

अजून एक, हे फार जणांना माहीत नसतं. परमिट शाळेला बांधलेलं असतं. एका शाळेच्या नावाने परमिट काढायचं आणि दुसऱ्याच ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवायला पाठवायचं हा पण बेकायदाच प्रकार आहे, परमिट खरं असलं तरी. कॉन्ट्रॅक्टवर ज्याचं नाव, परमिटवर ज्याचं नाव आणि तू रोज जिथे जाणार ती जागा, तिन्ही जुळायला हवं.

बंड्या_नानजिंग

एवढं घाबरवू नका हो तिला. माझ्या ओळखीतले बरेच जण शिकवतात, एमबीबीएसची मुलं तर विकेंडला सर्रास किंडरगार्टनला जातात, तासाचे चांगले पैसे मिळतात. कोणाला काही झालेलं मी तरी पाहिलं नाही. छोट्या शहरात तर परदेशी शिक्षकच मिळत नाहीत, त्यांना पासपोर्टशी काय देणंघेणं.

शांघायची_मीनल

बंड्या, राग मानू नकोस पण हे असं सांगणं बरोबर नाही. स्टुडंट व्हिसावर बाहेर काम करायला कॉलेजची आणि इमिग्रेशनची परवानगी लागते, ती नसताना शिकवणं वरच्याच कलमात येतं. डॉक्टरकीची फी भरून गेलेल्या पोरांचं अख्खं शिक्षण त्या विकेंडच्या पैशांसाठी पणाला लागतं आणि त्यांच्या आईवडिलांना याचा पत्ताही नसतो. शिवाय परिस्थिती बदललीय. २०२१ च्या जुलैमध्ये खाजगी क्लासेसवर मोठं बंधन आलं, पहिली ते नववीच्या शालेय विषयांचे नफ्यासाठीचे क्लास जवळपास बंद झाले, शनिवार रविवार आणि सुट्टीत शिकवायला मनाई, परदेशात बसून ऑनलाइन शिकवणारे शिक्षक ठेवायलाही मनाई. खूप सेंटर बंद पडली. जी उरली त्यांच्यावर तपासणी असते, आणि तपासणीला पोलीस आले की पहिला प्रश्न परदेशी माणसाला, पासपोर्ट दाखवा.

रेवा_लिहिते

बापरे. बरं झालं विचारलं, एजंटला आज नाही कळवते. वाईट वाटलं खरं, पण स्पष्ट कळलं. मग मला मार्गच नाही का? खडूदादा तुम्ही भारतीय पासपोर्टवर आहात ते कसं काय?

खडू_आणि_फळा

मार्ग आहे. पहिल्या अटीत भाषा शिकवणारे येतात. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर, इकॉनॉमिक्स असे विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्याला मातृभाषेची अट लागत नाही. त्याला त्या विषयाची डिग्री आणि डिग्रीनंतरचा दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, बीएड असेल तर शाळा जास्त विचार करतात. ए लेव्हल, आयबी, एपी असे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांना असे शिक्षक सतत हवे असतात आणि तिथे भारतीय शिक्षक बऱ्यापैकी आहेत. मी तसाच आलो.

तुमची अडचण अशी की तुमचा विषयच इंग्रजी. बीएला दुसरा कुठला विषय होता का, इतिहास, अर्थशास्त्र वगैरे? डिग्रीच्या कागदावर तो दिसत असेल आणि बीएडची पद्धत त्या विषयाची असेल तर शाळांना विचारून बघण्यासारखं आहे. दुसरी वाट म्हणजे त्या सात देशांपैकी एखाद्या देशातून मास्टर्स. नियमात "तत्त्वतः" शब्द आहे त्यामुळे काही ठिकाणचे अधिकारी तिथली डिग्री असलेल्या दुसऱ्या देशाच्या माणसाला परमिट देतात. काही ठिकाणी अजिबात देत नाहीत. म्हणून केवळ चीनसाठी ब्रिटनची फी भरावी असं मी म्हणणार नाही, ती डिग्री दुसरीकडेही कामाला येणार असेल तरच.

शांघायची_मीनल

मी अजून एक सुचवते, तू चिनी शिकतेयस ना, मग चिनी सरकारच्या स्कॉलरशिपवर भाषेच्या किंवा मास्टर्सच्या कोर्सला अर्ज कर. मास्टर्स तिथूनच केलं तर पास झाल्यावर लगेच नोकरी धरताना दोन वर्षांच्या अनुभवाची अट शिथिल होते, फक्त इंग्रजी शिकवण्याची मातृभाषेची अट तशीच राहते हे विसरू नकोस. पण शाळांमध्ये शिकवण्याशिवायही कामं असतात, ॲडमिशन, अभ्यासक्रम, परीक्षा, आणि चिनी बोलणारी बीएडवाली बाई त्यांना सहज मिळत नाही.

कागदांचं मात्र आत्तापासून बघ. डिग्रीचं ॲटेस्टेशन हा सगळ्यात वेळखाऊ भाग. चीन २०२३ च्या नोव्हेंबरपासून अपोस्टिलच्या (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करारात आहे म्हणून एजंट फक्त अपोस्टिल करून देतात आणि पैसे घेतात, पण भारतीय कागदांना परराष्ट्र खात्यानंतर चिनी वकिलातीचा शिक्का लागतो. पोलीस क्लिअरन्स आधी काढून ठेवू नकोस, तो जुना झाला की चालत नाही. अनुभवाच्या पत्रावर शाळेचा लेटरहेड, तारीख ते तारीख, कुठला विषय, पूर्णवेळ होतं का, सही, शिक्का आणि फोन नंबर असू दे, या पत्रावरून अर्ज परत आलेले मी खूप बघितलेत.

रेवा_लिहिते

बीएला इतिहास होता मला! बीएडला पण दुसरी पद्धत इतिहासच होती, शाळेत मात्र इतिहास एकच वर्ष शिकवलाय.

खडू_आणि_फळा

मग अजून एक वर्ष इतिहास मागून घ्या मुख्याध्यापकांकडे, आणि अनुभवाच्या पत्रात तो वेगळा लिहून घ्या. शाळांना मेल करताना पहिल्याच मेलमध्ये विचारा, भारतीय पासपोर्टवर या विषयासाठी तुमच्या शहरात याआधी परमिट काढलंय का. ज्यांनी काढलंय ते लगेच हो म्हणतात.