रविवारच्या ब्रंचसाठी चांगलं रेस्टॉरंट कसं निवडायचं?

प्रश्न: सहा जण आहोत, दोन लहान मुलं. रेटिंग सगळ्यांचंच 4 च्या पुढे. मग पारख कशावरून करायची?

उत्तर 1: सरासरी आकडा सोडा. रिव्ह्यू ‘नवे आधी’ असे लावा आणि गेल्या तीन महिन्यांतल्यांत ‘रविवार’, ‘वेटिंग’, ‘गार’ हे शब्द शोधा. बुधवारी झकास चालणारं किचन रविवारी कोलमडू शकतं: टेबलं एकदम भरतात आणि ऑम्लेट, पोच्ड एग ऑर्डर आल्यावरच करावं लागतं. लांबलचक मेनू असेल तर मी तरी टाळेन. बुकिंग रेस्टॉरंट उघडल्या-उघडल्याच्या वेळेचं घ्या. मुलं असताना ताटकळणं नको. टेबल किती वेळ मिळेल तेही विचारून ठेवा.

उत्तर 2: बुफे असेल तर फोनवर एकच विचारा, ट्रे शेवटचे कधी भरता? पोचल्यावर आधी स्क्रॅम्बल्ड एग बघा. कडेला पाणी सुटलंय, वर हिरवट झाक आहे? मग बाकीचे ट्रेही बघूनच घ्या.

प्रश्नकर्ता: हिरवट म्हणजे शिळं का?

उत्तर 2: तसंच नाही. जास्त वेळ गरम राहिलं की बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन तो रंग धरतो. अपायकारक नाही, पण चव गेलेली असते.