चिनी सोशल मीडियावरून चिनी समाज कसा वाचायचा?

केतकी_न

‘चिनी नेटकरी संतापले’ अशी बातमी आठवड्याला एक तरी येते. आत पाहावं तर वेइबोवरच्या चार कॉमेंट्स आणि त्यावरून १४० कोटींच्या मनाचा निकाल. चीनमधल्या शहरी तरुणांच्या नोकरी आणि लग्नाविषयीच्या कल्पनांवर मला लेखमाला लिहायची आहे. चिनी येत नाही, मशीन भाषांतरावर भिस्त आहे. कुठल्या ॲपवर काय शोधावं, सरकारी आवाज आणि लोकांचा आवाज वेगळा कसा ओळखावा आणि भाषांतर नेमकं कुठे फसवतं, एवढं कोणी सांगेल का?

माळरान

आधी ‘चिनी नेटकरी’ हा शब्दच टाकून द्या. २०२४ अखेर चीनमध्ये ११० कोटींच्या आसपास लोक इंटरनेटवर होते आणि ते एका चावडीवर बसत नाहीत.

वेइबो (२००९) म्हणजे भर चौक: बातम्या, सिनेनट, भांडणं आणि सगळ्यात जास्त पहारा. वीचॅट (२०११) म्हणजे घराचं आतलं दार. तिथल्या ‘मित्रवर्तुळा’त एखाद्या पोस्टवर कोण काय बोललं, हे दोघांच्या सामाईक ओळखीतल्यांनाच दिसतं, म्हणून बाहेरच्याला ते वाचताच येत नाही. वीचॅटचे ‘सार्वजनिक खाते’ म्हणून चालणारे लांब लेख मात्र उघडे असतात आणि तुमच्या कामाचा सगळ्यात कसदार माल तिथेच आहे. दोउयिन ही टिकटॉकची चिनी आवृत्ती. क्वायशोउवर लहान शहरं, खेडी आणि ईशान्येकडचे कामगार जास्त दिसतात. शाओहोंगशूवर शहरी तरुणींचा भरणा आहे. भाडं, पगार, मुलाखतीत विचारलेले प्रश्न, लग्नाला मुलाकडून येणारी रक्कम, पहिल्या भेटीत बिल कोणी दिलं, हे सगळं तिथे आकड्यांसकट मिळतं. तुमच्या विषयासाठी सुरुवात तिथूनच करा. सुशिक्षितांचे लांब वाद हवे असतील तर झीहू ही प्रश्नोत्तरांची साइट. चित्रपट-पुस्तकांना गुण देणाऱ्या दोउबानवरचे चर्चागटही बघा.

भारतात २९ जून २०२०ला ५९ ॲप्सवर बंदी आली, त्यात वेइबो, वीचॅट आणि क्वाय (क्वायशोउची परदेशी आवृत्ती) होते. इथून काम करणाऱ्याने ‘चायना डिजिटल टाइम्स’सारख्या संग्रहांवर भर द्यावा. उडवलेले लेख आणि माध्यमांना गेलेल्या सूचना तिथे जपून ठेवलेल्या असतात. फक्त एक ध्यानात ठेवा: त्या संग्रहात जे पुसलं गेलं तेच साठतं. तेवढंच वाचलं तर चीनमध्ये रोज बंड चाललंय असं वाटू लागतं, आणि तेही खोटं चित्र आहे.

शोधताना इंग्रजी शब्द टाकू नका. विकिपीडियावर त्या विषयाचा लेख उघडून भाषा चिनी करा आणि शीर्षकाची अक्षरं उचला. लिपी ‘सुलभ’ निवडा. पारंपरिक लिपीत शोधलंत तर तैवान-हाँगकाँगचा मजकूर पुढे येतो आणि तो मुख्य भूमीचा समजून लिहिला जातो. ही चूक भल्याभल्यांकडून होते.

दीपमाळ

वेइबोच्या ‘रसोऊ’बद्दल, म्हणजे सर्वाधिक शोधांच्या यादीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बातम्या बहुतेक वेळा तिथूनच उचलल्या जातात.

यादीत ५० ओळी असतात. डोक्यावरची ओळ बहुधा चिकटवलेली असते, नेतृत्वाच्या एखाद्या भेटीची किंवा भाषणाची. ती लोकांनी वर आणलेली नसते. काही ओळी जाहिरातीच्या असतात आणि त्यांना वेगळं चिन्ह असतं. बाकीच्यांपुढे ‘नवं’, ‘गरम’, ‘उकळतंय’, ‘स्फोट’ अशा अर्थाची एकेक अक्षरं दिसतात. विषय नैसर्गिकपणे थंडावतो तेव्हा तो हळूहळू खाली घसरतो. ‘उकळतंय’वरचा विषय घसरण न दिसता गायब झाला, तर हात लागलाय असं समजायला जागा आहे. यादीवर सरकारची नजर किती आहे, याला एक पुरावा पुरे: जानेवारी २०१८ आणि जून २०२०, दोन्ही वेळा नियामकांनी ती आठवडाभर बंद करायला लावली.

मग हॅशटॅग उघडा. त्याचा ‘यजमान’ कोण ते वर लिहिलेलं असतं. ते पक्षाचं दैनिक पीपल्स डेली किंवा सरकारी वाहिनी सीसीटीव्ही असेल तर मथळा त्यांनी ठरवलेला आहे. खाली ‘खातेदाराने निवडक प्रतिक्रिया सुरू केल्या आहेत’ अशी ओळ असेल तर दिसतायत त्या कॉमेंट्स चाळून ठेवलेल्या आहेत, त्यांवरून जनमत काढू नका. ‘संबंधित कायदे, नियम आणि धोरणानुसार या विषयाचा मजकूर दाखवलेला नाही’ अशी पाटी आली तर तीसुद्धा तुमच्यासाठी नोंद आहे. तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

एप्रिल २०२२च्या अखेरीपासून वेइबोवर कॉमेंटखाली लिहिणाऱ्याचा प्रांत दिसतो, परदेशात असेल तर देश. इंटरनेटच्या पत्त्यावरून निघणारी ही खूण चुकूही शकते, पण शांघायमधल्या वादात शांघायची माणसं किती आणि बाहेरची किती, हे ताडायला ती उपयोगी पडते.

दुवा जपून काही होत नाही. पान मिळालं की लगेच पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, चिनी वेळेसह (आपल्यापेक्षा अडीच तास पुढे). आठ तासांनी पुन्हा उघडा आणि काय उरलं ते ताडून बघा.

ओवी_अक्षर

भाषांतराचं घोडं दोन ठिकाणी अडतं: समध्वनी शब्द आणि सूर.

चिनीत एकाच उच्चाराचे ढीगभर शब्द आहेत. मजकूर काढताना पुढे केल्या जाणाऱ्या ‘सुसंवाद’ या सरकारी शब्दाऐवजी लोक त्याच्या जवळपास तशाच उच्चाराचा ‘नदीतला खेकडा’ लिहू लागले, आणि पोस्ट ‘खेकडली’ म्हणजे उडवली. २०१८मध्ये मी-टूचा हॅशटॅग अडवला गेला तेव्हा ‘मी थू’ म्हणजे भात आणि ससा ही चित्रं आली. वाक्यात अचानक खेकडा, ससा नाहीतर शिडी आली की मशीन ते सरळ छापतं. शिडी म्हणजे सरकारने इंटरनेटभोवती घातलेली भिंत ओलांडायचं साधन, व्हीपीएन. ‘चहा प्यायला बोलावलं’ याचा अर्थ बऱ्याचदा पोलिसांनी बोलावून समज दिली असा असतो. संशय आला की तो शब्द एकटा काढून चिनीतच शोधा, भाषांतरात नाही.

सुराबाबतीत कुत्र्याच्या तोंडाची इमोजी लक्षात ठेवा. ती वाक्याशेवटी असेल तर वाक्य शब्दशः घ्यायचं नाही. साधं हसरं तोंडही तरुणांमध्ये थंड, तुटक समजलं जातं. ‘हहा’सारखं दिसणारं ‘हऽहऽ’ हे हसणं नाही, तुच्छता आहे. बिलीबिलीवर व्हिडिओवरून धावणाऱ्या ओळींत २३३ म्हणजे हसू, ६६६ म्हणजे वाहवा.

लोक किती चिवट असतात ते १० मार्च २०२० या एका दिवसात दिसतं. ‘रनवू’ मासिकाने कोविडची सुरुवातीलाच खबर दिल्याबद्दल दटावल्या गेलेल्या वूहानच्या डॉक्टर आय फेन यांची मुलाखत छापली आणि ती काही तासांत उडवली गेली. मजकूर जुळवून पोस्ट पकडल्या जात होत्या, म्हणून वाचकांनी तोच लेख उलट्या क्रमाने लिहिला, मोर्स संकेतात घातला, इमोजींत घातला, प्राचीन अस्थिलेखांच्या अक्षरांत घातला. त्यातल्या कित्येक आवृत्त्या कोणाला वाचताही येत नव्हत्या. लेख वाचला जावा यापेक्षा तो पुसला जाऊ नये यासाठी ती धडपड होती. अशा वेळी मजकूर नाही, त्याचा प्रवास वाचायचा.

माळरान

वरच्याला जोडून: ‘टीका उडते, स्तुती राहते’ हा समज ठेवू नका. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं की सरकारवरची टीका बऱ्यापैकी टिकते, पण लोकांना एकत्र रस्त्यावर आणू शकेल असा मजकूर जातो, मग तो सरकारच्या बाजूचा का असेना. याच तिघांच्या २०१७च्या कामात सरकारसाठी लिहिणाऱ्यांच्या बनावट पोस्ट वर्षाला सुमारे ४४.८ कोटी धरल्या आहेत. त्यातलं बहुतेक लिखाण वाद घालत नाही, विषय बदलतं. संवेदनशील दिवशी एकदम गोड पोस्टचा पूर आला तर ते हेरा.

तुमच्या लेखमालेसाठी एकेक शब्द धरून त्याचा माग काढा, हे मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. ‘नेइज्युआन’ घ्या, म्हणजे आतल्या आत गुंडाळत जाणं. मुळात शेतीविषयक अभ्यासातला शब्द: राबणारे हात वाढतात, माणशी उत्पन्न वाढत नाही. २०२०मध्ये छिंगह्वा विद्यापीठातला एक विद्यार्थी चालत्या सायकलवर लॅपटॉप उघडून बसलेला फोटो फिरला आणि शब्द घराघरांत गेला. एप्रिल २०२१मध्ये थिएबा या चर्चामंचावरच्या एका पोस्टमधून ‘थांगफिंग’, म्हणजे सरळ आडवं होणं, आलं. दोउबानवरचा त्या नावाचा गट बंद केला गेला. पण जुलै २०२४च्या पॉलिटब्युरो बैठकीच्या निवेदनात कंपन्यांच्या ‘नेइज्युआन-छाप’ जीवघेण्या स्पर्धेला आळा घालण्याची भाषा आली. एक शब्द दडपला, दुसरा उचलला. या दोन वाटा शेजारी ठेवल्यात तर एक लेख त्यावरच उभा राहील.

आकडे मात्र सोबत हवेतच. २०२३च्या सुरुवातीला पदवीधर स्वतःला लेखक लू शुनच्या कथेतला खोंग यिजी म्हणवू लागले, शिक्षणाचा लांब झगा उतरवता न येणारा. सरकारी माध्यमांनी झगा उतरवून कामाला लागा असं सुनावलं तेव्हा चिडचिड आणखी वाढली. त्याच जूनमध्ये १६ ते २४ वयाची शहरी बेरोजगारी २१.३ टक्के होती, आणि ऑगस्टमध्ये तो आकडा जाहीर करणंच थांबवलं गेलं. जानेवारी २०२४मध्ये तो परतला तो विद्यार्थी वगळून, म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना करू नका.

केतकी_न

फारच मोलाचं. भारताविषयीच्या चिनी चर्चेतून माझ्या विषयाला काही मिळेल का?

दीपमाळ

नुसतं ‘भारत’ शोधलंत तर गर्दीच्या रेल्वेचे व्हिडिओ आणि ‘खायग्वा’, म्हणजे खेळात फसवा कोड लावून खेळणारे, असली चेष्टा मिळेल. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं चिनी नाव शोधा, तर सूर अगदी वेगळा. ख तीह्वा या नावाने त्यांना तिथे आजही आदराने आठवतात आणि शिचियाच्वांगच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. पण त्यातला बराच भाग सरकारी खात्यांचा असतो, तो वेगळा काढा.

तुम्हाला हवा तो वाद ‘दंगल’ या चित्रपटाखाली सापडेल. मे २०१७मध्ये तो तिथे लागला आणि दोउबानवर त्याला १० पैकी ९च्या आसपास गुण मिळाले. झीहू आणि दोउबानवर मुलींनी विचारलं की बापाने आपलं स्वप्न मुलींवर लादणं ही मुक्ती की बापशाहीच? कितीतरी जणी लिहिताना भारत सोडून थेट आपल्या घरच्या अभ्यासाच्या सक्तीवर आणि लग्नाच्या तगाद्यावर येतात. चित्रपटाचं चिनी नाव आणि ‘पितृसत्ता’चा चिनी शब्द एकत्र टाका आणि २०१७च्या मे-जूनमधली उत्तरं आधी वाचा. नंतरच्या वर्षांतली उत्तरं वेगळी ठेवा, कारण तोवर स्त्रीवादाभोवतीचं वातावरण बरंच कडवट झालं होतं.