मदत हवी आहे: हिमनदी आटली, तर नकाशातून स्टोनफ्लाय पुसायची का?

मंडळी, अमेरिकेतल्या मोंटानामधल्या ग्लेशियर नॅशनल पार्कात सापडणाऱ्या लेडनिया तुमाना या स्टोनफ्लायचा (थंड वाहत्या पाण्यात वाढणारा कीटक) अधिवास नकाशावर दाखवायचं काम घेतलंय. किडा अर्ध्या सेंटिमीटरचा, पण डोकं खातोय.

याचे निंफ (पाण्यात राहणारी पिल्लं) वितळपाण्याच्या ओढ्यांत, उगमाला धरून राहतात. काही शे मीटर खाली उतरलं की सापडत नाहीत. म्हणून मी प्रत्येक हिमनदीच्या टोकाशी ओढ्याचा वरचा तुकडा रंगवत गेलो. पण १८५० च्या सुमारास तिथे दीडशेच्या आसपास हिमनद्या होत्या. २०१५ मध्ये ०.१ चौरस किलोमीटरहून मोठ्या फक्त २६ उरल्या. बाकीच्यांखालचे ओढे पुसू का? पुसले तर किडा सापडल्याच्या काही नोंदी अधांतरी राहतात.

दुसरं, २०१९ मध्ये हिच्यासोबतच कायद्याचं संरक्षण मिळालेली झापाडा ग्लेशियर ही जातही घ्यायची आहे. निंफच्या नोंदी चालतील का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
पुसू नका! या किड्याला हिमनदीशी देणंघेणं नाही, त्याला गार पाणी हवं. साधारण १० अंशांच्या आतलं. ते हिमनदीतून येवो, उन्हाळाभर टिकणाऱ्या हिमसाठ्यातून येवो, नाहीतर झऱ्यातून. रॉक ग्लेशियर विसरू नका, म्हणजे दगडांच्या ढिगाऱ्याखाली बर्फ दडलेले उतार. वरचे दगड ऊन अडवतात, त्यामुळे खालून झिरपणारं पाणी भर ऑगस्टातही थंडगार असतं. हिमनदी नसलेल्या ओढ्यांतही लेडनिया मिळालेली आहे. तेव्हा उगमाच्या प्रकारानुसार वेगवेगळे रंग द्या. अर्थात बर्फाचा साठा संपला आणि पाणी तापलं, तर निंफना वर सरकायला जागाच नाही, पुढे नुसता कातळ.

झापाडाच्या बाबतीत मात्र कडक राहा. मानेखालच्या कल्ल्यांवरून झापाडा लेडनियापासून वेगळी काढता येते (लेडनियाला ते नसतात), पण झापाडातली नेमकी जात कळत नाही. त्यासाठी प्रौढ नर किंवा डीएनए लागतो. निंफची नुसती नोंद असेल तर सोडून द्या. आणि नकाशा एकाच पार्कापुरता ठेवू नका. ही जात ग्रँड टीटन आणि बेअरटूथ डोंगरांतही मिळाली आहे.

धागाकर्ता:
आभार! घाईघाईत सात ओढे आधीच पुसले होते, ते परत काढतो. तापमानाच्या नोंदी ऑगस्टच्या घेऊ की जुलैच्या?

प्रतिसाद २:
ऑगस्टच्या. जुलैत अजून बर्फ वितळत असतो, तेव्हा सगळेच ओढे गार दिसतात.