लाट एकदाच होती, राजापूर पाच वेळा
कुणीतरी म्हटलंय की समाजवादी नेते मधु दंडवते १९७७ च्या जनता पक्षाच्या लाटेत तरून गेले. अहो, १९७७ ठीक, पण १९७१ चं काय? तेव्हा इंदिराबाईंची लाट होती. १९८४ ला तर इंदिराबाईंच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीची त्सुनामीच, तरी कोकणातला राजापूर लोकसभा मतदारसंघ दंडवत्यांकडेच राहिला. १९७१, ७७, ८०, ८४, ८९ अशा सलग पाच निवडणुका. त्याआधी तिथे समाजवादीच नाथ पै खासदार होते, म्हणजे जमीन नांगरलेली होती हे मात्र कबूल. १९९१ ला मात्र दंडवते काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून हरले, आदल्याच वर्षापर्यंत देशाचे अर्थमंत्री असूनही!

बाकी सेकंड क्लासच्या लाकडी फळीवर फोमची गादी आली ती हेच रेल्वेमंत्री असताना. पाठीला विचारा.