‘भूमिगतांना मदत केली’ : या मदतीला शब्द कोणता?

प्रश्न : सातारा-सांगली भागातल्या प्रतिसरकारच्या (इंग्रजांविरुद्ध गावोगावी चालवलेल्या समांतर सरकारच्या) चळवळीत असलेल्या बायकांची टिपणं करते आहे. दोन शब्दांपाशी अडले. ‘स्वातंत्र्यसैनिक’चं स्त्रीलिंगी रूप काय करायचं? आणि जुन्या नोंदींत पुरुषाच्या नावापुढे ‘भूमिगत’ असतं, त्याच घरातल्या बाईपुढे मात्र ‘भूमिगतांना मदत केली’ एवढंच. ही ‘मदत’ मला बोचते.

उत्तर : पहिल्याचं सांगतो. सेवक-सेविका, लेखक-लेखिका ही रूपं ‘अक’ प्रत्ययाची. ‘सैनिक’मध्ये ‘इक’ आहे, त्याचं संस्कृत स्त्रीलिंग ‘सैनिकी’. पण ते मराठीत ‘सैनिकी शाळा’वाल्या विशेषणानं अडवून ठेवलंय. १९३० साली मुंबईत केशरी साड्या नेसून परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहणाऱ्या बायकांना ‘देशसेविका’ हा शब्द सहज मिळाला, तो त्यामुळेच. तुम्ही सरळ ‘स्वातंत्र्यसैनिक’ लिहा. ‘त्या स्वातंत्र्यसैनिक होत्या’ यात काही खटकत नाही.

दुसरं उत्तर : ‘वीरांगना’ आहे की! हौसाताई पाटील, इंदुताई पाटणकर यांच्या नावांआधी ‘क्रांतिवीरांगना’ लावतातच.

प्रश्नकर्ती : लावतात, आदरानंच लावतात. तरी या समासाचा विग्रह दोन तऱ्हांनी होतो : वीर अशी अंगना (म्हणजे स्त्री), किंवा वीराची अंगना. दुसरा अर्थ डोकावतो आणि बाई पुन्हा कुणाची तरी होते. हौसाताईंना क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी म्हणून आधी ओळखतात, मग त्यांचं काम. पोलीस ठाण्याबाहेर त्यांनी नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बायकोचं सोंग घेतलं, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. याला मदत म्हणायचं?

तिसरं उत्तर : ‘भूमिगत’ला सरकारी व्याख्याही आहे. केंद्राच्या सन्मान निवृत्तिवेतन योजनेत किमान सहा महिन्यांची कैद लागते, स्त्रियांना तीन महिन्यांची. भूमिगत ठरायचं तर फरारी म्हणून जाहीर झालेलं असावं, पकडून देण्याबद्दल बक्षीस लागलेलं असावं, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघून तो बजावता आलेला नसावा. १९४२च्या लढ्यात भूमिगत राहिलेल्या अरुणा असफ अलींवर ५,००० रुपयांचं बक्षीस होतं, त्या या व्याख्येत बसतात. मध्यरात्री चूल पेटवून पाच-सहा जणांच्या भाकऱ्या थापणारीवर कोण बक्षीस लावणार? तिचं नावच पोलिसांना कळलं नाही, हेच तर तिचं कसब. आणि ते कसबच कागदावर तिच्या आड आलं.

आणखी एक गोष्ट मांडतो. भारतीय दंड संहितेत कलम २१२ आणि २१६ होती, गुन्हेगाराला आसरा देण्याबद्दलची. हा स्वतंत्र गुन्हा, त्याला स्वतंत्र शिक्षा. म्हणजे इंग्रजांच्या कायद्यानं दार उघडणाऱ्या बाईचं कृत्य वेगळं ओळखलं होतं. ‘मदत’ हा शब्द आपण लावला. मदत म्हटलं की काम दुसऱ्याचं होतं, आपला नुसता हातभार.

प्रश्नकर्ती : हे वाचून थांबलेच थोडा वेळ. मला हवं होतं ते हेच. मग ‘आसरा’वरूनच शब्द घडवला तर? पहारा-पहारेकरी, तसं आसरा-आसरेकरी. शेतकरी, वारकरीसारखा दोन्ही लिंगांना चालेल.

दुसरं उत्तर : घडण पक्की आहे. अडचण एवढीच, की गावाकडे ‘आसरा’ म्हटलं की पाण्याकाठच्या साती आसरा, त्या सात जलदेवता, आठवतात. तो शब्द ‘अप्सरा’वरून आलेला, याच्याशी नातं नाही, पण ऐकणारा क्षणभर बुचकळ्यात पडेल.

प्रश्नकर्ती : पडू दे. ‘करी’ लागल्यावर घोळ राहणार नाही असं वाटतं. टिपणांत बदल सुरू केलाय : नावापुढे ‘स्वातंत्र्यसैनिक’, कंसात ‘आसरेकरी’, आणि जिथे माहिती मिळते तिथे किती जण, किती दिवस, घरात कुठे लपवले, निरोप कोणत्या गावापर्यंत नेला, हे क्रियापदांसकट. ‘मदत केली’ सगळीकडून काढते आहे. निरोप नेणारीसाठी मात्र अजून शब्द सापडलेला नाही. ‘जासूद’ चालेल का? की त्याला हेराचा वास येतो?