मदत हवी आहे: दोन अंकी संख्येचं उत्तर एक की दोन?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. आकड्यांशी रोजची गाठ, पण भाची यंदा दहावीला आहे आणि तिच्या बीजगणितानं माझी दांडी उडवलीय.

गणित असं: दोन अंकी संख्या आणि तिच्या अंकांची अदलाबदल करून येणारी संख्या यांची बेरीज 121 आहे. दोन अंकांतला फरक 3. तर ती संख्या कोणती?

आधी तिनं दशकस्थानी क्ष, एककस्थानी य धरून संख्या सरळ 'क्षय' अशी मांडली. (नावाप्रमाणंच गणिताला क्षय लागला.) शेवटी दहाच्या सात नोटा आणि रुपयाची चार नाणी पुढ्यात ठेवली, तेव्हा 74 म्हणजे 7 × 10 + 4 हे पटलं. मग 10क्ष + य आणि 10य + क्ष यांची बेरीज 11 (क्ष + य) = 121, म्हणजे क्ष + य = 11. इथपर्यंत झकास.

आता घोडं अडलंय. फरक 3 म्हणजे क्ष − य = 3 की य − क्ष = 3? पहिल्यानं 74 येतात, दुसऱ्यानं 47, आणि ताळा दोन्हींचा जमतो. क्लासच्या वहीत नुसतं 74 आहे. मला तर दोन्ही बरोबर वाटतात. परीक्षेत दोन्ही लिहायची का? एकच लिहिलं तर गुण जातात का? पेपर तपासणाऱ्या कुणा सरांनी, मॅडमनी सांगितलं तर बरं होईल. सोमवारी तिची चाचणी आहे.